पाय गारठतात? आधी माळ्यावर चढा

या जुन्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसायचे. हीटर रात्रंदिवस चालू. डोक्याला ऊब आणि घोट्यांना मात्र गार झुळूक. नवऱ्याने जाहीर करून टाकलं, "खिडक्या बदलून टाकू." म्हटलं, जरा थांब. खिडक्या हा सगळ्यात महागडा इलाज, आणि मुळात दुखणं कुठे आहे हेच अजून कळलेलं नाही.

दुखणं निघालं डोक्यावर. गरम हवा हलकी असते. ती वर चढते आणि छताच्या फटींतून माळ्यावर निसटते. जेवढी वर जाते तेवढीच गार हवा खालून, उंबऱ्यापासून, आत ओढली जाते. अख्खं घर धुराड्यासारखं वागतं. म्हणून बुजवायला सुरुवात वरून करायची.

पण आधी फटी शोधायला हव्यात. गारठ्याचा, वाऱ्याचा दिवस निवडा. दारं-खिडक्या लावा आणि स्वयंपाकघरातला व बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चालू करा. पंखे आतली हवा बाहेर फेकतात, त्यामुळे प्रत्येक फटीतून बाहेरची हवा जोराने आत शिरते. मात्र लाकडाची शेगडी किंवा धुराड्याला जोडलेला गॅसचा बॉयलर त्या वेळी पूर्ण बंद हवा. नाहीतर त्यांचा धूर, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, घरात ओढला जाईल. इथे हयगय नको.

मग उदबत्ती पेटवायची आणि भिंतीच्या कडेकडेने सावकाश फिरायचं. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पडला की तिथे पेन्सिलने फुली. (पडदे आधी काढून ठेवा. आमच्या एका पडद्याला अजून भोक आहे.)

मला वाटलं होतं खिडक्यांपाशी धूर थयथयाट करेल. तिथे तो जेमतेम डोलला. खरा तमाशा सिंकखाली झाला. पाइप भिंतीत शिरतो तिथे एक गोल चकती होती, ती सरकवली तर मागे मूठ जाईल एवढं भोक! बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड, जमिनीलगतची लाकडी पट्टी आणि माळ्याची झडप, सगळीकडे फुल्या. दरवाज्याची परीक्षा आणखी सोपी: कागदाची पट्टी फटीत धरून दार लावा. पट्टी सहज ओढता आली तर तिथे रबर दाबून बसत नाहीये.

माळ्यावर तर उदबत्तीचीही गरज पडली नाही. तिथे ऊब टिकवायला अंथरलेलं पिवळं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) जागोजागी काळं पडलं होतं. मी घाबरले, बुरशी वाटली. ती निघाली धूळ. वर्षानुवर्षं घरातली हवा त्यातून गाळून वर गेली होती. प्रत्येक काळ्या डागाखाली एक फट सापडली.

सहा मिलिमीटरपर्यंतच्या फटीला सीलंट पुरतं. त्याहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी कोंबा, मग वरून सीलंट. मोठ्या भोकाला स्प्रे फोम, पण बेताने, कारण तो फुगतो. धुराड्याभोवती फोम अजिबात नको; तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. झडपेच्या कडेला रबरी पट्टी लावून पाठीवर जाड थर्माकोल चिकटवला.

फटी बुजल्यावरच वर नवं ग्लासवूल अंथरा. इंचभर ग्लासवूल एक फुटाहून जाड विटेच्या भिंतीइतकी उष्णता अडवतं, तेही आत अडकलेल्या हवेच्या जोरावर. म्हणून ते दाबून बसवायचं नाही. कापड गुंडाळलेल्या जुन्या वायरी दिसल्या तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. माळ्यावरचा ऊब टिकवणारा जुना थर ॲस्बेस्टॉसचा असल्याची शंका आली तर त्याला हातही लावू नका, तपासून घ्या.

उत्साहाच्या भरात मी छपराच्या कडेची, वळचणीजवळची वारा खेळायची भोकंही ग्लासवूलने बंद केली. महिन्याभराने वर गेले तर वासे ओले आणि खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब! माळ्यावर चढणारी दमट हवा तिथून बाहेर पडते. ती भोकं मोकळीच ठेवायची.

खिडक्या अजून त्याच आहेत. तावदानांभोवतीची तडकलेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरली, खिडक्यांच्या दारांना रबरी पट्टी लावली, बस्स. फक्त आता घर घट्ट झाल्यामुळे अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवावा लागतो. विसरलं की सकाळी काचेवर आतून पाणी. आणि विसरतो कोण? खिडक्या बदलायला निघालेला!