वॉशिंग मशीनच्या जाळीतला लगदा नळाखाली धुऊ नका

पॉलिस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक किंवा फ्लीसचा (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचा) कपडा धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात. हे तंतू म्हणजे प्लास्टिकच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात बरेचसे गाळात अडकतात, पण आपल्याकडे पुष्कळ सांडपाणी प्रक्रिया न होताच नदी-खाडीत जातं. कालवं, शिनाणे, तिसऱ्या पाणी गाळूनच खातात, त्यामुळे हे तंतू थेट त्यांच्या पोटात जातात.

टॉप लोड मशीनच्या ड्रममध्ये लिंटची, म्हणजे सुटलेले तंतू अडकवणारी जाळी असते. ती लोक सर्रास नळाखाली धरतात आणि अडकलेलं सगळं पुन्हा गटारात सोडतात! जाळी काढून वाळू द्या. मग राखाडी लगदा कागदासारखा सोलून निघतो. कोपऱ्यातला जुन्या टूथब्रशने काढा, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. जाळी फाटली असेल तर लगेच बदला, ती वेगळी मिळते.

या जाळीतून अगदी बारीक तंतू निसटतातच, म्हणून मुळात ते कमी सुटतील असं धुवा. गार पाणी किंवा 30 अंश, छोटी सायकल, मशीन भरलेलं (पण कोंबलेलं नको). ‘डेलिकेट’ सायकल टाळा: नाजूक वाटते, पण तिच्यात पाणी जास्त वापरलं जातं आणि तंतू जास्त सुटतात. जीन्ससारखे जाडेभरडे कपडे वेगळे धुवा, त्यांच्या घासण्याने फ्लीस झिजतं. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वाधिक तंतू सोडतो. एकदाच घातलेला स्वेटर तर उन्हा-वाऱ्यात टाकला तरी पुरतं.