चित्रकलेचा तास, पहिली ते चौथी: या चुका टाळा

‘याचा हात चांगला नाही’ असं म्हणण्याआधी मुलासमोरचा कागद, पाणी आणि ब्रश बघा. प्राथमिक वर्गात चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा साहित्यामुळे, आणि ते सुधारणं मोठ्यांच्या हातात असतं.

सुरुवात जलरंगांपासून. साध्या वहीचा कागद साधारण 60–70 जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. पाणी लागताच तो फुगतो आणि दुसरा हात दिला की त्याची लव सुटते. जलरंगाला किमान 150 जीएसएमचा कागद द्या आणि चारही कडा कागदी चिकटपट्टीने पाठीमागच्या पुठ्ठ्याला चिकटवा. ब्रशच्या बाबतीतही चूक होते. लहान मूल म्हणून 2 नंबरचा बारीक ब्रश दिला जातो. त्याने आकाश रंगवताना पट्टे उमटतात, मूल घासत बसतं आणि कागद फाटतो. मोठ्या जागेला 8 किंवा 10 नंबरचा गोल ब्रश हवा. चार मुलांत पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात पाणी घालायला. प्रत्येकाला एक चिंधी द्या.

हिरव्याचा चिखल का होतो? फक्त पिवळा आणि निळा मिसळलेले असतात तोवर हिरवा ताजा असतो. त्यात न धुतलेल्या ब्रशचा लाल आला की तीनही मूळ रंग एकत्र होतात आणि मातकट तपकिरी उरतो. म्हणून रंगमिश्रणाच्या पहिल्या तासाला फक्त पिवळा आणि निळा वाटा. आधी पिवळा घ्यायचा, त्यात ब्रशच्या टोकाने निळा घालायचा. उलट केलं तर निळा पिवळ्याला गिळतो आणि अर्धी बाटली संपते. काळा रंग या वयात कपाटातच राहू द्या.

पांढऱ्या तेलखडूने गुपचूप चित्र काढून वरून रंग फिरवायचा खेळ मुलांना फार आवडतो. तो फसतो दाट पोस्टर कलरमुळे, कारण तो खडूलाही झाकतो. पातळ जलरंग वापरा आणि खडू दाबून फिरवायला सांगा.

भेंडीचे ठसे पसरट येत असतील तर दोष चिकाचा. भेंडी देठाकडून कापा, कापलेली बाजू दहा मिनिटं रद्दीवर पालथी ठेवा, मग रंग लावा. रंग थेट वाटीतून न घेता ओल्या स्पंजवर पसरून घ्यावा. बटाट्याच्या ठशाचंही तेच. त्याचं पिठूळ पाणी आधी टिपून घ्या.

आता वारली. तपकिरी कार्डशीट आणि पांढरं स्केचपेन ही सोय आहे, पण त्यात मुलांच्या हाताला काहीच कळत नाही. गेरू द्या. चार चमचे गेरूला एक चमचा फेव्हिकॉल आणि दाट ताकाइतकं होईल एवढं पाणी. जाड कागदावर एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग बोट घासून बघा. बोट लाल झालं तर फेव्हिकॉल कमी पडला, आणि अशा पृष्ठभागावर पांढरा रंग हमखास गुलाबी होतो. उलट पृष्ठभाग चकाकत असेल आणि पांढरा रंग थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर फेव्हिकॉल जास्त झालाय. रेघ ब्रशने नको. डहाणू-जव्हारकडे बांबूची काडी टोकाशी ठेचून वापरतात. वर्गात खराट्याची काडी चालते.

वारलीत माणसाचं अंग टोकाला टोक जुळलेल्या दोन त्रिकोणांचं असतं. माणसं ताठ येतात कारण मुलं दोन्ही त्रिकोण एकाच उभ्या रेषेवर ठेवतात. टोकाला टोक जुळलेलं राहू द्यायचं आणि वरचा त्रिकोण तिरका करायचा, की माणूस वाकतो, ओढतो, नाचतो. तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच काढताना शेवटची माणसं कागदाबाहेर जातात. त्यासाठी आधी पेन्सिलीने हलकी वळत जाणारी रेघ, मधोमध तारपा वाजवणारा, मग रेघेवर डोक्यांचे ठिपके आणि शेवटी अंग. चेहऱ्यावर डोळे-नाक काढायची घाई मुलं करतात. त्यांना वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची (पद्मश्री, 2011) चित्रं दाखवा. कागदभर पसरलेल्या त्यांच्या मासळीच्या जाळ्यासमोर कुणालाही चेहऱ्याची आठवण होत नाही.

फळ्यावर डोंगर, सूर्य, नदी, झोपडी काढून ‘उतरवून घ्या’ म्हणणं मात्र कुठल्याच साहित्याने सुधारत नाही. चाळीस वह्यांत एकच चित्र येतं आणि त्यात मुलाने पाहिलेलं काहीच नसतं. त्याच्या दप्तरातली पाण्याची बाटली समोर ठेवा आणि तीच काढू द्या. दुरुस्ती दाखवायची असेल तर वेगळ्या कागदावर दाखवा. मुलाच्या चित्रावर मोठ्यांची रेघ पडली की पुढच्या वेळी ते कोरा कागद घेऊन तुमच्याकडेच येतं.

शाडूचं काम तडकण्याची कारणं दोन. भरीव जाड गोळा बाहेरून आधी सुकून आवळतो आणि आत ओलाच राहतो. म्हणून जाडी दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि मोठं पोट आतून पोकळ करा. दुसरं, हात-पाय नुसते दाबून चिकटवले जातात. जोडायच्या दोन्ही बाजूंवर काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, शाडूचा पातळ लगदा लावा, मग दाबा. गुळगुळीत करायला बोट ओलं पुरे, पाण्याची वाटी नको. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, नंतर सावलीत. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलेले कान आणि सोंडा आधी गळतात.