द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वर्गात कसा उलगडावा

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचा हा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे: मळ्याचा मालक दिवसात पाच वेळा मजूर लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मत्तय २०:१-१६ (अध्याय २०, वचनं १ ते १६) वाचून झालं की वसईच्या वाडीवाल्यांपासून रत्नागिरीच्या बागायतदारांपर्यंत सगळे एकच विचारतात: दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि तासभर आलेल्याला मजुरी सारखीच? हा प्रश्न घाईने मिटवू नका. दाखला त्यावरच उभा आहे.

वाचन आधीच्या अध्यायातल्या १९:२७पासून सुरू करा. आम्ही सगळं सोडून आपल्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार, असं येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो. दाखला त्या विचारण्याला उत्तर आहे. थेट २०:१पासून वाचलं तर ऐकणारे मजुरीच्या दरातच अडकतात.

मग फळ्यावर पाच ओळी मांडा: पहाट, नऊ, बारा, तीन, पाच. प्रत्येकीपुढे बोली काय झाली ते वर्गाकडूनच भरून घ्या. पहाटेच्यांशी एक दीनार ठरला, म्हणजे एका दिवसाचा रोज. नऊच्यांना 'योग्य ते देईन'. बारा आणि तीनच्यांचंही तसंच. पाचच्यांना जुन्या हस्तलिखितांत नुसतं 'तुम्हीही जा'. तक्ता भरला की दिसतं, मालकाने कुणाशीच बोली मोडलेली नाही.

पाचला उभे होते ते आळशी, असं कुणीतरी म्हणतंच. सातवं वचन पुन्हा मोठ्याने वाचून घ्या: आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. लावणीच्या दिवसांत धडधाकट गडी आधी उचलले जातात. संध्याकाळपर्यंत कोण उरतं, ते वर्गाला विचारा. बारा तासांच्या दिवसातल्या एका तासाची मजुरी म्हणजे दीनाराचा बारावा हिस्सा. तेवढ्यात घरची चूल पेटत नाही.

सर्वांत जास्त वेळ आठव्या वचनाला द्या. मजुरी शेवटच्यांपासून वाटली जाते. पहाटेच्यांना आधी दिली असती तर ते दीनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. ते थांबले, शेजाऱ्याच्या हातातला दीनार पाहिला, आणि बाराव्या वचनात म्हणाले, तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत. खरी कळ इथे आहे. पंधराव्या वचनात मूळ ग्रीक शब्द 'तुझा डोळा वाईट आहे का' असे आहेत. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, १५:९मध्ये, गरिबाला देताना आखडणाऱ्यासाठीही असाच वाईट डोळा येतो. आपल्याकडचं 'डोळ्यांत सलणं' इथे चपखल बसतं.

एक धोका: 'माझ्या पैशाचं मी काहीही करीन' हे वाक्य मजुरी बुडवणारा मालकही हाताशी धरू शकतो. म्हणून मजुरी त्याच दिवशी द्या असं सांगणारं अनुवाद २४:१५ आणि मजुरी बुडवणाऱ्यांना सुनावणारं याकोबाच्या पत्रातलं ५:४ सोबत वाचा. दाखल्यातल्या मालकाने ठरल्यापेक्षा कमी कुणालाच दिलं नाही, आणि दिलं तेही त्याच संध्याकाळी.

कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) हे वाचन 'अ' वर्षाच्या, म्हणजे वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षाच्या, सामान्य काळातल्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या) २५व्या रविवारी, यशया ५५:६-९सोबत येतं. वर्ग त्याच आठवड्यात ठेवा. शेवटी प्रत्येकाला विचारा, तुम्ही कितीच्या ओळीत उभे आहात? बहुतेक जण पहाटेवर बोट ठेवतात. तेव्हा १९:२७ पुन्हा वाचा.