दोनच मिनिटांचं काम आहे

ऑफिसच्या आयटी सपोर्टमध्ये मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे वरचं शीर्षक. पाण्याची बाटली भरायला जागेवरून उठलं की वाटेत तिघं तरी गाठतात. 'बरी भेटलीस. दोनच मिनिटांचं काम आहे, जरा बघ ना.' बाटली रिकामीच परत येते.

या कामात नव्याने येणाऱ्यांना वाटतं, दमवणारं म्हणजे सर्व्हर कोसळणं, रात्रीचे फोन, व्हायरस. ते असतंच, पण कधीमधी. रोजचं दमणं या दोन-दोन मिनिटांचं असतं. त्याची कुठे नोंद होत नाही. संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय केलंस, तर आपलं आपल्यालाच आठवत नाही. माझ्या तिसऱ्या वर्षी अप्रेझलला साहेबांनी समोरचा कागद बघितला आणि म्हणाले, 'वर्षभरात १४० तिकिटं? म्हणजे दिवसाला एकही नाही?' तिकीट म्हणजे काम सांगणाऱ्याने सपोर्टच्या यादीत टाकलेली लेखी नोंद. दिवसाला पंधरा-वीस कामं व्हायची हो, पण जिन्यात, लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी खुर्चीमागे उभं राहून. कागदावर मी वर्षभर बसूनच होते.

त्यानंतर मी एकच गोष्ट बदलली. तोंडी काम ऐकून घ्यायचं, पण हात लावायचा तिकीट आल्यावर. 'एवढ्याशासाठी तिकीट?' असं लोक म्हणतातच. वाद घालू नका. 'तुम्ही दोन ओळी टाकून ठेवा, मी जागेवर पोचले की लगेच बघते,' एवढं पुरतं. निम्मी कामं तर तिथेच संपतात, कारण दोन ओळी टाकण्याइतकीही ती महत्त्वाची नसतात. मोठ्या साहेबांकडून तिकिटाची अपेक्षा ठेवू नका. त्यांच्या नावाने आपणच उघडायचं.

आणि तिकीट बंद करताना 'प्रिंटर दुरुस्त केला' असं लिहू नका. ते वाचून सहा महिन्यांनी तुम्हालाच काही कळणार नाही. 'प्रिंट रांगेत अडकत होती. स्पूलर सर्व्हिस थांबवली, रांगेतल्या फाइल काढल्या, सर्व्हिस पुन्हा चालू केली. अडकलेली फाइल स्कॅन केलेली ९० पानी पीडीएफ होती,' असं लिहा. (स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम.) पुढच्या वेळी तोच प्रिंटर अडला की आधी ती पीडीएफ शोधायची.

दोन मिनिटांच्या कामांमागे पुष्कळदा अर्ध्या दिवसाचं एखादं काम दडलेलं असतं. एका विभागप्रमुखांचं खातं रोज सकाळी लॉक व्हायचं. फोन यायचा, मी अनलॉक करायचे. दोन मिनिटं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. 'पासवर्ड चुकीचा टाकताय का?' या प्रश्नावर ते एवढे भडकले की चौथ्या दिवशी मी विचारणंच सोडलं आणि डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे ऑफिसमधली सगळी खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरचा, लॉग (नोंदवही) उघडला. खातं लॉक झालं की तिथे ४७४० क्रमांकाची नोंद पडते, आणि कुठल्या मशीनवरून चुकीचे प्रयत्न झाले त्याचं नावही त्यात असतं. नाव निघालं मीटिंग रूममधल्या कॉम्प्युटरचं. महिन्यापूर्वी प्रेझेंटेशनसाठी त्यांनी तिथे शेअर्ड फोल्डर जोडला होता, 'पासवर्ड लक्षात ठेवा'वर टिचकी मारली होती, आणि मग पासवर्ड बदलण्याची मुदत आल्यावर पासवर्ड बदलला होता. ते मशीन बिचारं रोज सकाळी चालू झालं की इमानदारीत जुनाच पासवर्ड देत राहायचं. साठवलेला पासवर्ड काढला, विषय संपला. चार दिवसांत मी ते खातं अकरा वेळा अनलॉक केलं होतं. पहिल्याच दिवशी लॉग उघडला असता तर!

मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलायला लावण्यातून फारसं काही साधत नाही, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, उगीच ठरावीक काळाने नको. पण आमच्याकडे अजून ९० दिवसांचा नियम आहे, आणि लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात.

'रिस्टार्ट करून बघा' यावरून आयटीवाल्यांची चेष्टा होते. होऊ दे. पण लोक रिस्टार्ट म्हणून जे करतात ते पुष्कळदा रिस्टार्ट नसतंच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. त्यामुळे 'मी रोज बंद करून जातो' म्हणणाऱ्याच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम, म्हणजे शेवटच्या खऱ्या रिस्टार्टपासूनचा काळ, २३ दिवस दिसू शकतो. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तो आकडा दाखवा, आणि मेन्यूतून रिस्टार्टच निवडायला सांगा. 'नेट चालत नाही' असा फोन आला तर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक, विचारा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने आपला आपण घेतलाय. केबल, स्विच, डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) बघायचं, ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि काहीही करण्याआधी हे विचारायची सवय लावून घ्या: काल चालत होतं का, मधे काय बदललं, शेजारच्याचंही बंद आहे का? 'काहीच बदललं नाही' या उत्तरावर मात्र विश्वास ठेवू नका.

मोठ्या दिवसांबद्दलही सांगते. १९ जुलै २०२४, शुक्रवार. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. ते अपडेट साधारण सव्वा तासात मागे घेतलं गेलं, पण ज्या मशीननी ते उचललं होतं ती धड चालूच होत नव्हती, मग त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? एकेक मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच गोष्टींसह, चालू करून ती फाइल हाताने काढायची. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलुपाने बंद असेल तर त्याआधी रिकव्हरी की टाकायची: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट.

घरून काम करणाऱ्यांना मी ती फोनवर वाचून दाखवत होते. पहिल्या दोघांना जोड्यांनी सांगितली. 'एकोणसाठ.' पलीकडे ६९ टाइप झालं. 'एकोणऐंशी.' पलीकडे ८९. की चुकली, पुन्हा पहिल्या गटापासून. तिसऱ्यापासून शहाणी झाले: एकेक आकडा सुटा, गट संपला की थांबायचं, समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा, मगच पुढचा. दुपारपर्यंत घसा बसला. मधे एका केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन गेले तर आतल्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'आयटीतलं कोणी येतंय का?' म्हटलं, आलंय.

जुलैचा शेवटचा शुक्रवार सिस्टिम अ‍ॅडमिन कौतुक दिन म्हणून पाळतात, २००० सालापासून. त्या वर्षी तो बरोबर आठवड्याने, २६ तारखेला आला. आमच्याकडे कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नव्हतं, मी रजेवर होते.

बॅकअपचं थोडक्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१चा नियम सगळे पाठ म्हणतात. पण रोज सकाळी येणारी हिरवी खूण म्हणजे बॅकअप नव्हे. आमच्याकडे एक फोल्डर नव्या डिस्कवर हलवला गेला, बॅकअप मात्र जुन्या जागेचाच होत राहिला. रिकाम्या जागेचा बॅकअप दर रात्री यशस्वी! हे कळलं ते एकाने फाइल उडवून परत मागितल्यावर. तेव्हापासून महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल मी खरोखर परत आणून, उघडून बघते. त्याचंही तिकीट असतं, माझ्याच नावावर.

नोकरी शोधत असाल तर पगाराइतक्याच बारकाईने काही गोष्टी मुलाखतीत विचारा. आयटीत माणसं किती आणि मशीन किती? ऑन-कॉल (कामाच्या वेळेबाहेर फोन घ्यायची पाळी) किती जणांत फिरतो? रात्री तीनला फोन आला तर सकाळी उशिरा येता येतं का? शेवटची माणसं का सोडून गेली? या प्रश्नांनी कोणी रागावत नाही, आणि रागावलंच तर तेही एक उत्तरच आहे. मला एकदा ऑन-कॉलच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, 'तसं काही नाही, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत, सगळे मिळून सांभाळतो.' रुजू झाल्यावर कळलं, सगळे म्हणजे मी.