टर्बो बदलायची घाई करू नका: डिझेल गाडीत या चुका टाळा

पिकअप गेलं, मागून काळा धूर निघाला, चेक लाइट लागला की निदान ठरलेलंच: "टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड दिसला तर मग कुणी पुढे बघतच नाही. हा कोड एवढंच सांगतो की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, मिळाला नाही. का मिळाला नाही, ते शोधणं आपलं काम. अनेकदा टर्बो धडधाकट असतो आणि हवा वाटेतच गळत असते.

साताऱ्याकडची १.३ लिटर डिझेलची एक हॅचबॅक माझ्याकडे आली होती. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर दाबली की दम सोडायची आणि लिम्प मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कमी केली जाते त्या स्थितीत) जायची. एका गॅरेजने टर्बो बदलून दिला होता. भलंमोठं बिल भरून मालक निघाले आणि त्याच घाटात पुन्हा तेच.

उभ्या गाडीला रेस दिली तर सगळं ठीक. तसं ते दिसणारच, कारण लोड नसताना डिझेलचा टर्बो फारसा बूस्ट देतच नाही. तरी आजही मिस्त्री बॉनेट उघडून रेस देतात आणि कान लावून टर्बो 'तपासतात'. मी स्कॅनर लावून गाडी चढावर नेली. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी बघितला, तर दाबलं की दोघांतलं अंतर वाढत जायचं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजला, म्हणजे रबरी पाइपला, अगदी क्लॅम्पच्या कडेला, चीर होती. गाडी गार असताना ती दिसत नव्हती, दाब आला की उघडायची. खूण एकच होती: तिथे तेलकट धुळीचा थर बसला होता. होज बदलला, गाडी घाट चढली. जुना टर्बो मात्र तोवर भंगारात गेला होता.

तेव्हा माझा क्रम ठरलेला आहे. आधी एअर फिल्टर, मग प्रत्येक होजच्या खालून हात फिरवायचा, मग व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). संशय उरला तर इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) हलक्या दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी. टर्बोला हात सगळ्यात शेवटी.

होजमध्ये तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून) तेवढं येतं. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलला तरी चालतं. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला, किंवा पातं टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासत असेल, तर मात्र टर्बो खरंच संपला.

बूस्टचे आकडे वाचतानाही नवशिके फसतात. बऱ्याच स्कॅनरवर हवेचा मूळ दाब धरूनच आकडा येतो. २०० किलोपास्कल म्हणजे दोन नव्हे, साधारण एक बार बूस्ट. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा: मुंबईत सुमारे १००, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास दिसायला हवं. तिथेच आकडा भलता आला तर आधी सेन्सर बघा.

नवा टर्बो बसवताना ऑइलची नळी जुनीच ठेवणं मला अजिबात पटत नाही. जुना टर्बो बहुधा तेलाअभावीच मेलेला असतो, आणि त्याच काजळीने चोंदलेल्या नळीवर नवा लावायचा? शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, त्याला काही क्षणांचाही कोरडेपणा सोसत नाही. नळी नवी घ्या, फिल्टर आणि ऑइल बदला, इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढा, स्टार्ट करण्याआधी टर्बोत ऑइल भरा. ऑइलच्या फ्लँजला (नळीच्या जोडाला) सिलिकॉन लावू नका. त्याचा तुकडा सुटून वाट बंद करतो.

घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या.

रीमॅपचं, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचं, वेड असलेली मुलं येतात. गाडी काळा धूर ओकत असते आणि त्यांना वीस हॉर्सपॉवर जास्त हवी असते. अशा गाडीत मी रीमॅपची फाइल टाकत नाही. आधी गळती बंद करा, इंजेक्टर तपासा, क्लच किती उरलाय ते बघा. स्टॉक मॅपवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळला, की मग बोलू.