थायलंडच्या गोल्फ ड्रायव्हिंग रेंजवर जाताना २० बाटच्या नोटा खिशात ठेवा

बँकॉकमध्ये अनेक ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके मारायचा सराव करायच्या जागांवर, चेंडूंचा ट्रे कर्मचारी तुमच्या मॅटपर्यंत आणून देतात. टिप किती आणि कशी द्यायची, इथेच नवखा माणूस अडखळतो.

१. काउंटरवर पैसे भरतानाच १०० बाटची नोट मोडून २० च्या हिरव्या नोटा मागून घ्या. ट्रे आणून देणाऱ्याला एक नोट पुरते.

२. नोट उजव्या हातात धरा, डावा हात उजव्या कोपराखाली टेकवा आणि किंचित झुकून द्या. पुरुषांनी ‘खॉप खुन ख्रप’, बायकांनी ‘खॉप खुन खा’ म्हणावं. समोरचा वयाने लहान असेल तर आपण आधी हात जोडायची गरज नाही. त्याने जोडले तर हसून मान लववा.

३. ट्रे पायाने सरकवू नका. खाली वाका, हाताने ओढा. पाय हा शरीराचा सर्वांत हलक्या दर्जाचा भाग मानतात, त्यामुळे कुणाकडे पायाने वस्तू ढकललेली फार खटकते. बाकावर बसतानाही तळवे शेजाऱ्याकडे करू नका.

४. शेजारच्याचा स्विंग (काठी फिरवून चेंडू मारण्याची पद्धत) चुकत असला तरी विचारल्याशिवाय सल्ला नको. चारचौघांत चूक दाखवली की माणूस ओशाळतो. प्रशिक्षकाला ‘प्रो’ म्हणा.

मित्राला शिकवताना त्याचं डोकं हलू नये म्हणून ते हाताने धरायची सवय असेल, तर आधी परवानगी घ्या. तिथे डोक्याला हात लावणं अपमानाचं समजतात.