एमएक्स-५ हिवाळ्यात चालवायचीये? जर्मनीतल्या थंडीसाठी गाडी अशी तयार करा

सप्टेंबर संपत आला की स्टुटगार्ट-म्युनिककडच्या आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न येतो, सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतलीये किंवा घ्यायचा विचार आहे, पण मागच्या चाकांवर चालणारी ही दोन सीटांची गाडी हिवाळ्यात चालेल का की सरळ झाकून ठेवायची. चालते, आणि चांगली चालते. हजार-अकराशे किलोची हलकी गाडी, वजन पुढेमागे जवळपास निम्मं-निम्मं, ताकद बेताची, त्यामुळे चारशे हॉर्सपॉवरवाल्यांपेक्षा आपण खूप सुखात असतो. फक्त एक डोक्यात पक्कं करा, इथे तयारी बर्फाची कमी आणि बाकीच्या गोष्टींची जास्त करायची असते. स्टुटगार्टमध्ये बर्फ पडतो तो मोजके दिवस, उरलेला सगळा हिवाळा म्हणजे दोन-तीन डिग्री, रिपरिप पाऊस, ओला रस्ता आणि रस्त्यावर मारलेलं मीठ. गाडी खराब होते ती ह्याच्यात.

सुरुवात टायरपासून, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच संपतं. इथले लोक 'ऑक्टोबर ते ऑस्टर्न' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत विंटर टायर. कायदा मात्र तारखेवर नाही, रस्त्याच्या हालतीवर आहे, २०१० च्या डिसेंबरपासून नियम असा की रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा काळा बर्फ (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ थर) असेल तर तसे टायर हवेतच, नाहीतर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला, म्हणजे ड्रायव्हरच्या चुकांच्या सरकारी नोंदवहीत, एक पॉइंट. आणि टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह लागतं, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण सेकंडहँड गाडीबरोबर जुना मालक "विंटर टायर फुकट देतो" म्हणून जो सेट गळ्यात मारतो त्यात बरेचदा जुने एम प्लस एसच निघतात. टायरच्या बाजूला डीओटी नावाच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ३८१६ असेल तर २०१६ सालचा ३८ वा आठवडा, असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

उन्हाळी टायरवर "जपून चालवेन" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त एवढंच सांगतो की स्पोर्टी उन्हाळी टायरचं रबर सात डिग्रीच्या आसपास कडक व्हायला लागतं आणि शून्याखाली ते चिक्की होतं, रस्ता कोरडा असला तरी. काही परफॉर्मन्स टायरना कडाक्याच्या थंडीत नुसतं हलवलं तरी चिरा जातात. वर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले निष्काळजीपणा म्हणून कास्कोचे (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे) पैसे कापू शकतात ते वेगळंच.

साइज बघताना आपल्याकडची सवय उलटी करा, रुंद टायर म्हणजे भारी हे हिवाळ्यात खोटं. अरुंद टायर बर्फात खाली दबून पकड घेतो, रुंद टायर वर तरंगतो, आणि पाणी साचलेल्या ऑटोबानवर पण तेच. सध्याच्या एनडी (चौथ्या पिढीच्या) मॉडेलमध्ये २.० इंजिनला १७ इंची चाकं आणि २०५/४५ टायर येतात, १.५ ला १६ इंची आणि १९५/५०, तर हिवाळ्यासाठी २.० वाल्यांनी पण १६ इंचीचा सेट घ्यावा, स्वस्त पडतो, साइडवॉल थोडी उंच मिळते म्हणजे खड्डा किंवा बर्फाखाली लपलेला फुटपाथचा दगड लागला तर रिम वाचते. पण ब्रेम्बोचे मोठे ब्रेक असतील तर १६ इंची बसत नाही, ऑर्डरच्या आधी गाडीचे कागद आणि रिमचे कागद दोन्ही बघा, नाहीतर पुढच्या टीयूव्हीला (गाडीच्या सक्तीच्या तपासणीला) डोकेदुखी. अजून एक, एच इंडेक्सचा टायर २१० च्या स्पीडपर्यंत असतो आणि २.० ची टॉप स्पीड त्याच्या जरा वर जाते, विंटर टायरला ही सूट आहे पण मग २१० चं स्टिकर ड्रायव्हरला दिसेल असं लावावं लागतं. हसू नका, लागतं.

चाकं घरीच बदलणार असाल तर काढलेल्या प्रत्येक चाकावर खडूने लिहून ठेवा कुठलं कुठे होतं ते, टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, हबवरचा गंज वायर ब्रशने घासून काढा नाहीतर वसंतात चाक निघत नाही, नट टॉर्क पान्यानेच आवळा आणि साधारण ५० किलोमीटर चालवून परत तपासा. प्रेशर थंड टायरवर बघायचं. तापमान दहा डिग्रीने उतरलं की साधारण ०.१ बार कमी होतं, आणि एनडीचं प्रेशर मुळातच २.० बार इतकं कमी असतं त्यामुळे तिथे हा फरक जास्त जाणवतो. गॅरेजमध्ये १५ डिग्रीला भरलेली हवा बाहेर उणे पाचला तेवढी राहत नाही हे लक्षात ठेवा.

बॅटरीचं थोडक्यात. उणे १८ ला बॅटरीत निम्मीच ताकद उरते, आणि शहरातल्या पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये सीट हीटर, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर सगळं चालू असताना ती भरतच नाही. चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर ऑक्टोबरमध्येच लोड टेस्ट करून घ्या. टीफगराजमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) प्लग नसतो म्हणून चार्जर लावता येत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास नीट लांब चालवा.

आता छप्पर, हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. कापडी छपरावर पडलेलं पाणी मागच्या बाजूला गोळा होतं आणि सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत जी ड्रेनची भोकं असतात तिथून रबरी नळीने खाली मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी असेल तर ऑक्टोबरभर त्या भोकात पानं, बिया, पाइनच्या सुया जाऊन चिखल होतो, पाणी तुंबतं, मग ते एकतर आत गालिच्यात येतं किंवा सिलमध्ये (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत) साचून आतून गंज धरतं. जुन्या एनए, एनबी (पहिल्या दोन पिढ्यांच्या) मॉडेलमध्ये मागच्या चाकाच्या पुढचं सिल कुजलेलं दिसतं ना, त्याचं एक मोठं कारण हेच. साफ करायची पद्धत सोपी आहे, छप्पर अर्धं उघडा, हाताने कचरा काढा, मग छोट्या बाटलीने कोमट पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा दोन्ही बाजूंनी सारखं पडतंय का. एका बाजूने थेंब-थेंब येत असेल तर मऊ प्लॅस्टिकची नळी किंवा जाड नायलॉन दोरी घाला, लोखंडी तार अजिबात नको, रबरी नळी फाटली की सगळं पाणी थेट सिलमध्ये.

कापड कोरडं असताना ब्रशने साफ करून कापडी छपरासाठीचं वॉटरप्रूफिंग मारा, हे पण ऑक्टोबरच्या एखाद्या उन्हाच्या दिवशीच, नंतर वाळायला ऊनच मिळत नाही. छप्पर ओलं किंवा गोठलेलं असताना उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. आणि त्यावरचा बर्फ प्लॅस्टिकच्या खरवडणीने नाही, मऊ झाडूने काढायचा. रस्त्यावर गाडी उभी करत असाल तर फक्त छप्पर आणि काचा झाकणारं कव्हर मिळतं, इथे त्याला हाल्बगराज म्हणतात, ते घ्याच, सकाळची पंधरा मिनिटं वाचतात.

रबर सील पण इथेच उरकून घ्या. गाडीची काच बिनफ्रेमची आहे, ती थेट रबरात दाबून बसते, रात्री ते रबर गोठलं की सकाळी दार ओढलं की सील फाटतं. ह्यावर जर्मन उपाय म्हणजे हिर्शटाल्ग, हरणाच्या चरबीची कांडी, सुपरमार्केटमध्ये दोन-चार युरोला मिळते, सगळ्या सीलवर एकदा फिरवायची. चरबी नको असेल तर सिलिकॉनची किंवा ग्लिसरीनवाली घ्या, काम तेच होतं. कुलपाचा बर्फ वितळवायचा स्प्रे गाडीत ठेवू नका, जॅकेटच्या खिशात ठेवा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण असते.

पातळ पदार्थ पटकन. कूलंट अर्धं ग्लायकॉल अर्धं पाणी असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण आधीच्या मालकाने साधं पाणी टाकून पातळ केलंय का ते टेस्टरने बघा, आणि रंग बघून दुसरं कुठलं ओतू नका, माझदाचं एफएल २२ वेगळं असतं. ऑइल एनडीला ०डब्ल्यू-२० लागतं, ते थंडीत पातळच राहतं. काचेच्या पाण्यात उन्हाळ्याचं पाणी उरलं असेल तर आधी संपवा, मग उणे २० वालं भरा आणि नळीत ते येईपर्यंत फवारा मारा, टाकी भरली पण नळीत जुनंच असलं तर ऑटोबानवर मिठाच्या चिखलाने काच पांढरी होते आणि फवारा येत नाही, तो क्षण फार वाईट असतो.

सकाळी गाडी जागेवर चालू ठेवून गरम करायची आपली सवय इथे सोडा, त्याला दंड आहे आणि इंजिनला पण ते बरं नाही. काचा पूर्ण साफ, छपरावरचा बर्फ काढलेला, मग स्टार्ट करून लगेच निघायचं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं तीन हजार आरपीएमच्या खाली. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं, ते बरंच मागून येतं. एवढ्याशा केबिनमध्ये दोन माणसं आणि ओले बूट म्हणजे काचेवर वाफ ठरलेली, एसी चालू ठेवा, बाहेरची हवा आत घ्या आणि कडा उंच असलेली रबरी मॅट टाका.

मीठ. खाली गंजरोधक मेण किंवा ग्रीस मारून घ्यायचं तर सप्टेंबरमध्ये, खालचा भाग पूर्ण वाळलेला असताना, सिलच्या आत पण, फक्त ब्रेक, एक्झॉस्ट आणि पाणी जायची भोकं सोडून. ही भोकं मेणाने बुजवणारे वर्कशॉप पण असतात, काम झाल्यावर स्वतः टॉर्च घेऊन बघा. नंतर हिवाळाभर शून्याच्या वर दिवस मिळाला की सेल्फ-सर्व्हिस वॉशबॉक्समध्ये जाऊन प्रेशरने खालून, चाकांच्या कमानीतून मीठ काढायचं, छपरावर मात्र प्रेशर लांबूनच. धुऊन झालं की दाराचे सील पुसा. आणि गरम गॅरेज म्हणजे गाडीला आराम असं नाही हं, मिठाचा ओला चिखल तिथे वितळून गंज उलट जोरात चालतो, बाहेर गोठलेली गाडी त्या मानाने बरी.

चालवताना मुख्य भान मागच्या चाकांचं. वळणात किंवा उतारावर खालचा गिअर टाकून एकदम क्लच सोडला तर इंजिन ब्रेकिंगनेच मागची चाकं अडकतात आणि शेपटी सुटते, तर गिअर आधीच, सरळ रस्त्यावर बदला आणि क्लच हळू सोडा. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये. डीएससी (गाडी घसरू न देणारी सिस्टिम) चालूच ठेवायचं, फक्त खोल बर्फात गाडी रुतली आणि सिस्टिम ताकद कापून हलूच देत नसेल तर तेवढ्यापुरतं बंद, बाहेर आलात की परत चालू. रात्री ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर गोठून बसतो, सपाट जागी गिअरमध्ये ठेवा. पहिला बर्फ पडला की एखादी परवानगीची रिकामी जागा बघून थोडं घसरून बघा, किंवा एडीएसी ह्या जर्मन ऑटोमोबाइल क्लबचं विंटर ट्रेनिंग करा, पैसे वसूल आहेत.

डिकी १३० लिटरची, त्यात खरवडणी, झाडू, हातमोजे, छोटा जंपस्टार्टर, ब्लँकेट एवढंच बसतं आणि एवढंच लागतं. स्टेपनी नसतेच, पंक्चर किटची तारीख बघून घ्या.

ज्यांना एवढं सगळं नकोच त्यांनी सीझन नंबरप्लेट घ्यावी, एप्रिल ते ऑक्टोबरची, टॅक्स-इन्शुरन्स वाचतो, पण बाकीचे महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी पण करता येत नाही, म्हणजे स्वतःची जागा असेल तरच.

आणि ऑस्ट्रियाला स्कीइंगला जाणार असाल तर तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत आणि ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) किमान ४ मिलिमीटर हवा, जर्मनीत कायद्याने १.६ चालतं म्हणून निवांत राहू नका, ४ च्या खाली गेलेला विंटर टायर तिथे विंटर टायर धरतच नाहीत. घाटात साखळ्यांचा निळा बोर्ड असेल तर साखळ्या लागतातच, पण आधी मॅन्युअलमध्ये बघा तुमच्या टायर साइजला परवानगी आहे का, असेल तर मागच्या चाकांना लावायच्या आणि ५० च्या वर जायचं नाही. लावायची प्रॅक्टिस घरीच, पार्किंगमध्ये, उजेडात करून घ्या.